आईची डायरी

गेल्या महिन्यात कपाट आवरताना आईची एक डायरी सापडली, विमा एजंट लोक नवीन वर्षाला देतात ना तसली जुनी. बाबा गेल्यापासून आई आमच्याकडे नाशिकला असते. तर त्या डायरीत तिने मोबाईल कसा वापरायचा ते सगळं लिहून ठेवलंय, 'हिरवं बटण वर सरकवणे', 'फोटो पाठवायचा तर आधी पिनचं चित्र दाबणे', तिच्या त्या तिरक्या अक्षरात. आणि एका पानावर सगळ्यात खाली, 'आवाज गेला तर बाजूचं वरचं बटण दाबणे. हिला विचारू नये, कामात असते.'

हिला म्हणजे मला. मी तिथेच पलंगावर बसले.

मला तो दिवस लख्ख आठवला कारण त्या दिवशी बँकेत एका मोठ्या खातेदाराने चूक त्याची असताना सगळ्यांसमोर मला झापलं होतं, आणि साहेबांनी पण त्याच्यासमोरच मला सुनावलं, मी फक्त 'हो सर, सॉरी सर' म्हणाले. संध्याकाळी घरी आले, अजून चपला पण काढल्या नव्हत्या, आईने तिसऱ्यांदा विचारलं की अगं याचा आवाजच येत नाहीये बघ ना. आणि मी म्हणाले, 'किती वेळा सांगू गं आई, डोक्यात शिरतच नाही का तुझ्या?' ती 'बरं राहू दे' म्हणाली आणि फोन उशीखाली ठेवला. एवढंच झालं. त्यानंतर तिने मला विचारणं बंद केलं आणि मला वाटलं चला, शिकली बाई एकदाची. ती खाली वॉचमनच्या मुलीला विचारायची हे मला डायरी सापडल्यावर कळलं.

आमचं घर माळकरी. अंडं सुद्धा कधी आलं नाही घरात. मुंगळा दिसला तर बाबा कागदावर घेऊन बाहेर सोडायचे. त्यामुळे अहिंसा म्हणजे काय हे आपल्याला जन्मापासून माहीत आहे अशा समजुतीतच मी वाढले. आपल्याकडे बहुतेक जण अहिंसा ताटात शोधतात, ताटात मटण नाही म्हणजे झालो आपण अहिंसक. ताट वाढणाऱ्या बाईशी आपण कसं बोलतो हे त्यात कुठेच धरत नाही.

आई रोज संध्याकाळी ज्ञानेश्वरी वाचते, मोठ्याने. डायरी सापडली त्याच्या काही दिवसांनी तिचा तेरावा अध्याय चालू होता, मी कणीक मळत होते. त्यात अहिंसेवर माऊली किती वेळ बोलतात! अहिंसक माणूस पाय कसा टाकतो, तर भुंगा कमळावर टेकताना केसर चुरगळेल म्हणून जपून पाय ठेवतो तसा. आणि मग बोलण्याबद्दल, 'पुढां स्नेह पाझरे, माघां चालती अक्षरें, शब्द पाठीं अवतरे, कृपा आधीं.' आधी माया पोचते, शब्द मागून येतात. शेकडो वेळा कानावरून गेलेली ओवी असेल ही, पण त्या दिवशी हात थांबले माझे. माझं तर बरोब्बर उलटं होतं. आधी चिडचिड पोचते, मग शब्द, आणि माया रात्री कधीतरी, आई झोपल्यावर.

आता मला जे मनापासून वाटतं ते लिहिते. आपला आवाज कुणावर चढतो आणि कुणावर चढत नाही हे एक आठवडा नुसतं बघा. साहेबांवर चढत नाही, सोसायटीच्या चेअरमनवर नाही, मुलाच्या शाळेतल्या मॅडमवर नाही. चढतो तो आईवर, पोरावर, भांडीवाल्या मावशींवर, लिफ्ट बंद म्हणून चार मजले चढून पार्सल आणणाऱ्या मुलावर. म्हणजे राग आवरता येत नाही हे खोटं आहे, येतो की आवरता, साहेबांसमोर व्यवस्थित येतो. जो उलटून काही करू शकत नाही त्याच्यासमोर आपण तो आवरत नाही. आणि साहेबांसमोर गप्प बसते ती माझी अहिंसा नाही, ती भीती आहे. गांधीजींनी १९२० मध्ये स्पष्ट लिहिलं होतं की भ्याडपणा आणि हिंसा या दोनातूनच निवडायची वेळ आली तर मी हिंसा निवडायला सांगेन, म्हणजे अहिंसेचा एवढा आग्रह धरणाऱ्या माणसाने सुद्धा भ्याडपणाला खालची जागा दिली. त्या खातेदाराला शांतपणे 'साहेब, चूक फॉर्म भरतानाच झालीये, हे बघा' एवढं सांगायला पाहिजे होतं मी. तिथे गिळलं ते घरी येऊन आईवर ओकले.

पोरांच्या बाबतीत तर आपण हे शब्द हिंसेत मोजतच नाही. 'तंगडं मोडून ठेवीन', 'कानाखाली जाळ काढीन', 'तुझ्या जागी दगड झाला असता तर बरं', हे आपण भाजीत मीठ टाकावं इतक्या सहज बोलतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम १७ आहे, त्यात शाळेत मुलांना मारायला बंदी आहेच पण मानसिक छळालाही बंदी आहे, दोन्ही एकाच वाक्यात. कायद्याला कळलं की शब्दाचा पण मार असतो, आम्हा आईबापांना कधी कळणार?

आमच्या शेजारच्या जैन काकू दरवर्षी संवत्सरीला दारात येऊन हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम' म्हणतात, म्हणजे झाल्यागेल्याची माफी मागतात. मी आपली हसून 'अहो काकू, तुम्ही कशाला' म्हणायचे. यावर्षी घरात बोलावलं, विचारलं. त्या म्हणाल्या, आमच्यात नुसतं मनाने, वाचेने, कायेने एवढंच नसतं, स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवून घेतलं, आणि दुसऱ्याने केलं त्याला बरं म्हटलं, ही तिन्ही पापंच धरतात. तिसरं ऐकल्यावर माझ्या पोटात गोळा आला.

कारण मी धुळ्याची. १ जुलै २०१८ ला आमच्या जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाड्याला पाच जणांना जमावाने मारून टाकलं, मुलं पळवणारी टोळी समजून. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षा मागणारे लोक होते ते. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. त्या दिवसांत व्हॉट्सॲपवर जिकडेतिकडे तेच मेसेज फिरत होते, सावध राहा, टोळी आलीये. तसाच एक मेसेज मी पण आमच्या फॅमिली ग्रुपवर आणि मुलाच्या बालवाडीच्या ग्रुपवर टाकला होता. 'असेल नसेल, सांगून ठेवलेलं बरं' असं म्हणून. माझा मेसेज राईनपाड्याला पोचला असं मी म्हणत नाही, पण ज्या हवेत ते पाच जण मेले त्या हवेत माझा पण एक श्वास होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल असं केलं. पण पाच ठिकाणी तरी का पाठवायचं न बघता? कुठल्याही जातीबद्दल, धर्माबद्दल, कुठल्या बाईबद्दल काहीही येतं आणि आपण त्याखाली अंगठ्याचं चित्र टाकून पुढे जातो, तो अंगठा म्हणजे काकू म्हणाल्या ते तिसरं.

मनातलं सगळ्यात अवघड आहे हो. भांडी घासताना मी मनातल्या मनात त्या खातेदाराशी किती भांडले असेन, त्याला काय काय ऐकवलं, प्रत्येक वेळी मीच जिंकले. आणि त्या धगीतच घरात वावरत होते. माऊली त्याच अध्यायात म्हणतात की मनातच नाही ते वाचेत कुठून उमटेल, बी नसताना जमिनीतून अंकुर येईल का. आईवर फुटला तो अंकुर होता, बी मी दिवसभर पेरत होते. आता मी घरी येताना गाडी पार्किंगमध्ये लावली की पाच मिनिटं खालीच बसते. काही ध्यानबिन नाही, नुसती बसते, आज कुणाचा राग कुणावर निघणार आहे एवढं बघते आणि मग वर जाते. रोज जमत नाही. गेल्या मंगळवारी मुलावर ओरडलेच, मग त्याच्या शेजारी जमिनीवर बसून माफी मागितली, तो म्हणाला 'असू दे गं' आणि ते त्याने आईच्याच सुरात म्हटलं, राहू दे सारखं.

डायरी मी होती तिथेच ठेवली, आईला काही बोलले नाही. ती ओळ अजून तशीच आहे. परवा मी पोळ्या लाटत होते, ती दारात येऊन उभी राहिली, फोन हातात, आणि म्हणाली, 'कामात आहेस का गं?' मी गॅस बंद केला आणि म्हणाले, 'नाही आई, बोल.'