चवथीचा ताप

आज सकाळी आईचा बीपी तपासायला तिला आरोग्य केंद्रात घेऊन गेलो होतो. एक सिस्टर आजारी म्हणून आलेली नव्हती, रांग दाराबाहेर. मागचा गृहस्थ मोठ्याने म्हणाला, "चवथ लागीं पावली मरे, आतां सगळ्यांक जोर येतलो." म्हणजे गणेशचतुर्थी जवळ आली, आता रजेसाठी सगळ्यांना ताप येणार. अख्खी रांग हसली. मीही हसलो. घरी येईपर्यंत मात्र स्वतःचीच लाज वाटायला लागली.

माझी वहिनी स्टाफ नर्स आहे हो! कुठल्या हॉस्पिटलात ते सांगत नाही, तिला नोकरी करायचीय. चार पावसाळ्यांपूर्वी वॉर्ड डेंगीच्या पेशंटांनी भरलेला आणि हिलाच ताप. फोन केला तर उत्तर आलं, "तुझ्या जागी कुणाला लावू ते तूच सांग." झालं. गोळी घेऊन नाइटला गेली. तीसेक पेशंट आणि ही एकटी. नर्सिंग कौन्सिलच्या प्रमाणाप्रमाणे साध्या हॉस्पिटलात पाच पेशंटांमागे एक नर्स हवी. हे मी तिला सांगितलं तर हसतच सुटली.

तिसऱ्या दिवशी तिच्या प्लेटलेट घसरल्या. त्याच वॉर्डातल्या खाटेवर तिला सलाइन लावलं. लावणारी तिची मैत्रीण होती, सलग दुसरी ड्युटी करत. कुणाच्या जागी? वहिनीच्याच.

"सरकारी नोकरी, पगारी आजारपण" म्हणणाऱ्यांनो, हिशेब ऐका. वर्षाला 20 दिवस अर्ध्या पगाराची रजा जमा होते. पूर्ण पगार हवा तर सर्टिफिकेट लावायचं आणि दुप्पट दिवस कापून घ्यायचे. म्हणजे 10. डेंगीच्या एका फेऱ्यात संपले. तिच्या वॉर्डातल्या कंत्राटी मुलीचं तर विचारूच नका, आली नाही की त्या दिवसाचा पगार गेला. ती ताप असला तरी येते, आणि तुमच्या-आमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडासमोर खोकते. चालेल?

खोटी सर्टिफिकेटं आणणारे आहेत, मान्य. माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या, बाजारात पिशव्या घेऊन फिरणारे 'आजारी' मीही पाहिलेत. धरा की त्यांना! पण म्हणून सलाइनवरची वहिनीही खोटी?

22 मार्च 2020 ला ह्याच लोकांसाठी थाळ्या बडवल्या होत्या आपण. माझ्या थाळीला अजून पोचा आहे.

असो. जास्तच चिडून लिहिलं. तो गृहस्थही गुडघा धरून तासभर उभा होता, त्याला बसायला बाकही नव्हता.

मघाशी वहिनीला फोन करून हे सगळं सांगितलं. वाटलं, तीही तापेल. ती म्हणाली, "बरं झालं ती सिस्टर घरी राहिली. मी जायलाच नको होतं तेव्हा." मग जरा थांबून, "भावजी, ते सोडा. आईंचा बीपी किती आला?"

कागद अजून खिशातच होता.