‘जुनी कुकरीच खरी’ म्हणे! त्या फॉरवर्डला माझं उत्तर

परवा तो मेसेज परत आला, यावेळी आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर. थोडक्यात मजकूर असा: कुकरी (गुरख्यांचा तो वाकडा सुरा) घ्यायची तर शंभर वर्षं जुनीच घ्या, तसलं पोलाद आता बनत नाही, नवीन सगळा टूरिस्ट माल, जुनी काठमांडूत स्वस्तात मिळते, दुर्मिळ असल्याने किंमत वाढतच जाते. आणि शेवटी ते नेहमीचंच, की एकदा म्यानातून काढली की रक्त दाखवल्याशिवाय परत ठेवत नाहीत.

रक्ताचं आधी उरकून टाकतो. नेपाळच्या डोंगरात लोक रोज कुकरीने लाकडं फोडतात, फांद्या तोडतात, मटण कापतात, दर वेळी रक्त काढायचं म्हटलं तर गावात कुणाची बोटं जागेवर राहिली नसती. आपला कोयता तशी त्यांची खुकुरी, बास.

आता पोलाद. जुन्या पात्यांना कुठलाही एक दर्जा नाही हो, त्या काळात लोहाराला जे लोखंड-पोलाद हाताला लागलं ते त्याने वापरलं. काही पाती अप्रतिम आहेत, काहींवर घडाईच्या चिरा आणि सुटलेले थर नुसत्या डोळ्यांना दिसतात. आज नेपाळातले कामी (लोहारकाम परंपरेने त्यांचंच) बहुतेक ट्रक-जीपच्या जुन्या लीफ स्प्रिंगमधून कुकरी घडवतात, भंगारातलं म्हणून नाक मुरडू नका, स्प्रिंगचं पोलाद चिवट असतं आणि निदान सगळीकडे सारखं असतं. खरी गोम पाणी देण्यात आहे. तापलेल्या पात्याच्या फक्त धारेवर किटलीतून पाणी सोडतात, त्यामुळे धार कडक होते आणि पाठ मऊ राहते, म्हणजे घाव बसला तरी पातं मोडत नाही. हे जमलं तर नवीन कुकरी उत्तम, फसलं तर जुनी असो नवी असो, लोण्यासारखी वाकते. आणि ब्रिटिश आर्मीतल्या गुरखा जवानांना आजही कुकरी मिळते ती नवी घडवलेलीच, त्यांना कोणी अँटिक वाटत बसत नाही.

‘दुर्मिळ’ हा तर मला सगळ्यात गमतीचा भाग वाटतो. २००३ मध्ये दोन अमेरिकन कंपन्यांनी काठमांडूच्या लगन सिलेखान्यात (म्हणजे शस्त्रागारात) राणा पंतप्रधानांच्या राजवटीपासून पडून असलेला शस्त्रसाठा विकत घेतला, त्यात बंदुकांबरोबर हजारो कुकऱ्या होत्या, आणि त्या वर्षानुवर्षं ऑनलाइन विकल्या गेल्या. तशीच दुसऱ्या महायुद्धातली मार्क ३ (लष्करी कुकरीचा एक नमुना), ती तर कारखानदारी पद्धतीने, भारतात कंत्राटं देऊन बनवून घेतलेली, त्यामुळे ‘युद्धातली आहे, नेपाळी म्हाताऱ्या लोहाराने ठोकलेली’ असं कोणी सांगायला लागलं की आधी शिक्का बघा. जुनी म्हणजे दुर्मिळ असं काही नसतं.

सिलेखान्यातल्या बऱ्याच पात्यांच्या पाठीवर देवनागरीत खुणा कोरलेल्या असतात, ‘श्री ३’ वगैरे (ही राणा पंतप्रधानांची पदवी). परदेशातले लोक फोटो टाकून टाकून विचारतात की हे काय लिहिलंय, आपण सरळ वाचू शकतो, हा आपला फुकटचा फायदा. फक्त साल बघताना जपून, ते विक्रम संवत असतं. १९६५ दिसलं की साठ वर्षांपूर्वीची समजू नका, ५७ वजा करा, म्हणजे १९०८ च्या आसपासची. उलटही होतं, विकणारा इसवी सन कोरून ‘राणाकालीन’ म्हणून खपवतो.

आता काठमांडूत स्वस्तात. इथे मेसेज लिहिणाऱ्याने एक साधी गोष्ट तपासलेलीच नाही. नेपाळच्या कायद्याने (प्राचीन स्मारक संरक्षण ऐन, २०१३ सालचा, म्हणजे परत संवतच, इसवी १९५६) शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. मग ठमेलमधला (काठमांडूचा टूरिस्ट बाजार) दुकानदार ‘दीडशे वर्षांची आहे सर, बॅगेत टाका’ म्हणतो तेव्हा दोनच शक्यता उरतात, एकतर तो खोटं बोलतोय, नाहीतर तुम्हाला स्मगलर बनवतोय. मी पहिल्या प्रकारात सापडलो होतो. छान तांबूस गंज, काळपट मूठ, तडकलेलं चामडं, मी खूश. घरी येऊन तेलाच्या फडक्याने पुसलं तर गंज फडक्यावर आला आणि खाली ग्राइंडरच्या रेघा, एकदम ताज्या! खऱ्या जुन्या पात्यावर गंजाचे बारीक खड्डे असतात, ते पुसून जात नाहीत, आणि झीज हात जिथे लागतो तिथेच जास्त असते, मुठीवर आणि म्यानाच्या तोंडाशी. शिवाय पातं टोकाकडे पातळ होत गेलेलं असतं, टूरिस्टवाली पट्टी मात्र बुडापासून टोकापर्यंत सारखीच जाड, हातात घेतली की कुऱ्हाडीसारखी जड लागते.

एक गोष्ट मेसेजवाल्याची बरोबर आहे, नवीन मालात कचरा खूप आहे, सिंहाचं तोंड असलेल्या मुठीची कुकरी तर कृपया भिंतीवरच ठेवा. पण तो कचरा आणि भोजपूर-धरानकडच्या चांगल्या कामीचं काम एका पोत्यात भरायचं हे काही पटत नाही. इतिहास हवा असेल तर जुनी घ्या, कागद आणि खुणा बघून, आणि मग ती वापरू नका, पॉलिश तर अजिबातच नको. वापरायला हवी असेल तर नवीन घ्या. जाता जाता, आपल्याकडेही आर्म्सच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं वेगळ्या वर्गात येतात, त्यामुळे आपल्या भागात काय लागू आहे ते घेण्याआधीच विचारून घ्या.

माझ्याकडे आता दोन आहेत. ती ग्राइंडरवाली परसात नारळाच्या झावळ्या तोडते, चांगली तोडते हां. दुसरी मार्क ३, ती म्यानाबाहेर काढून तेलाचा हात फिरवून कपाटात ठेवलीय, कारण पावसाळ्यात चामड्यात ठेवली तर पातं आतल्या आत गंजतं.