इच्छाशक्ती कमी म्हणून कुणी रात्री बिस्किटांचा पुडा संपवत नाही

सोशल मीडियावर एक दावा वर्षानुवर्षं फिरतोय. शब्द बदलतात, मतितार्थ तोच राहतो: "सगळ्यांना खूश ठेवण्याची धडपड, मन बिघडलं की खात सुटणं आणि परफेक्शनिझम, या तिन्हींचं मूळ कमकुवत इच्छाशक्तीत आहे. 21 दिवस कडक शिस्त पाळा. गोड पूर्ण बंद करा. कुणीही काहीही मागितलं तर ठाम नकार द्या. एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करा. परफेक्शनिझम मात्र सोडू नका, ती ताकद आहे, तिला फक्त योग्य दिशा द्या. यासाठी समुपदेशक वगैरे लागत नाही."

ऐकायला हे बाणेदार वाटतं. पण ज्याला या तिन्हींचा खरोखर त्रास आहे, त्याने हे मनावर घेतलं तर त्रास वाढण्याचीच शक्यता जास्त. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

"मूळ कमकुवत इच्छाशक्तीत आहे"

हा त्रास असलेल्या एखादीची संध्याकाळ जवळून पाहा. निघायच्या वेळी सहकारी येऊन म्हणतो, "एवढं जरा बघतेस का? तुझ्याकडून पटकन होईल." पोटात गोळा येतो, पण तोंडातून निघतं, "हो, ठेव, बघते." मग कुणी नाव ठेवू नये म्हणून तेच काम ती तीन-तीनदा तपासते. दुपारचं जेवण तसंही अर्धवटच झालेलं असतं. रात्री घरातले झोपल्यावर ती ओट्यापाशी उभ्यानेच बिस्किटांचा पुडा फोडते आणि चव कळायच्या आत तो संपतो. रिकामं वेष्टन ती कचऱ्याच्या डब्यात अगदी तळाशी, इतर कागदांखाली दाबते. सकाळी कुणाला दिसू नये म्हणून.

या बाईकडे इच्छाशक्ती कमी आहे असं कोण म्हणेल? थकलेली असताना, मनात नसताना तिने दुसऱ्याचं काम निगुतीने पूर्ण केलं. स्वतःला आवरणं तिला उत्तम जमतं. तिला जमत नाही ते एकच: समोरच्याची नाराजी सहन करणं. होकार, तिसऱ्यांदा केलेली तपासणी आणि रात्रीचं खाणं हे एकाच भीतीला दिलेले तीन प्रतिसाद आहेत. पहिल्या दोन गोष्टींनी ती भीती टळते, तिसरीने थोडा वेळ विसरली जाते.

भीड आणि खाणं यांचा संबंध किती थेट असू शकतो हे अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातल्या एका प्रयोगात दिसलं. ज्युली एक्सलाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 2012 मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांकडून आधी एक प्रश्नावली भरून घेतली. इतरांना दुखावण्याची, त्यांच्या टीकेची कुणाला किती धास्ती वाटते हे त्यातून कळत होतं. मग प्रत्येकाला आणखी एका 'सहभागी' व्यक्तीसोबत बसवलं. ती खरं तर संशोधकांचीच माणूस होती. तिने चॉकलेटच्या गोळ्यांच्या वाडग्यातून थोड्या घेतल्या आणि वाडगा पुढे केला. ज्यांना इतरांचं मन राखण्याची सवय जास्त होती, त्यांनी जास्त गोळ्या घेतल्या. समोरच्याला अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून खाल्लं, असं त्यांच्याच उत्तरांतून पुढे आलं. भूक किंवा हाव हे त्याचं स्पष्टीकरण नाही.

इच्छाशक्तीच्या कल्पनेबद्दलही थोडं सांगायला हवं. तिचा ठरावीक साठा असतो आणि वापरला की तो आटतो, हा विचार मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर यांच्या 1998 च्या प्रयोगांमुळे लोकप्रिय झाला. 2016 मध्ये 23 प्रयोगशाळांनी मिळून, दोन हजारांहून अधिक लोकांवर त्याची फेरतपासणी केली, तेव्हा परिणाम जवळपास शून्य आढळला. ज्या संकल्पनेबद्दल संशोधकांतच एवढा वाद आहे, तिच्या नावाने एखाद्याला 'कमकुवत' ठरवणं अन्यायाचं आहे.

"21 दिवसांत सवय लागते"

हा आकडा आला कुठून? मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने 1960 च्या एका पुस्तकात निरीक्षण नोंदवलं होतं की, शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला 'किमान' 21 दिवस तरी लागतात. पुढे त्यातलं 'किमान' गळून पडलं, चेहराही गळून पडला आणि उरला तो नुसता आकडा.

सवयी लागायला प्रत्यक्षात किती काळ लागतो हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 लोकांवर 12 आठवडे तपासलं. जेवणासोबत पाणी पिणं, थोडं धावणं अशा साध्या सवयी होत्या. मध्यक, म्हणजे निम्म्यांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त काळ लागतो तो आकडा, आला 66 दिवसांचा आणि व्यक्तीव्यक्तीत 18 पासून 254 दिवसांपर्यंत फरक पडेल असा अंदाज निघाला. ग्लासभर पाणी पिण्याची ही गत, तर लहानपणापासून अंगात मुरलेली भीड तीन आठवड्यांत कशी जाईल? बाविसाव्या दिवशी ती तशीच दिसली की माणूस आकड्याला दोष देत नाही, स्वतःला देतो. माझा खरा आक्षेप त्याला आहे.

"गोड पूर्ण बंद, आणि एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून"

या दाव्यातला सगळ्यात घातक भाग हाच, म्हणून इथे जरा थांबते.

1975 मध्ये पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिला, काहींना दिला नाही. नंतर सगळ्यांसमोर आइस्क्रीम ठेवलं आणि चव घेऊन मत द्यायला सांगितलं. हवं तेवढं खायला मुभा होती. एरवी खाण्यावर बंधनं न घालणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. पोट भरलं होतं, साहजिकच आहे. पण ज्या सतत मोजूनमापून, मन मारून खायच्या, त्यांचं नेमकं उलटं झालं: मिल्कशेक प्यायल्यावर त्यांनी आइस्क्रीम जास्त खाल्लं. नियम मोडलाच आहे, तर आता आवरायचं कशाला, असा तो हिशोब. 'एक दिवस चुकला की सगळं वाया' ही अट नेमका हाच हिशोब डोक्यात पक्का बसवते.

उपासमारीने मनावर काय होतं हे त्याआधीच दिसलं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांच्या बोलण्यात, विचारांत, स्वप्नांत अन्नच यायला लागलं. काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. बंधनं उठल्यावर कित्येकांना पोट भरल्याची जाणीवच होईना. आपण कुणी इतकं उपाशी राहत नाही, हे मान्य. पण दिवसभर तोंड बांधून ठेवायचं आणि रात्री घसरलं की स्वतःला हावरट म्हणायचं, यात शरीराचा काय गुन्हा?

उपयोगी पडते ती याच्या उलट सवय. खाण्याच्या विकारांवर ऑक्सफर्डच्या क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी विकसित केलेल्या उपचारपद्धतीत अगदी सुरुवातीलाच एक गोष्ट शिकवतात: वेळेवर खाणं. तीन जेवणं, मधे दोन-तीन वेळा ठरवून काहीतरी, आणि दोन खाण्यांत साधारण चार तासांहून जास्त अंतर पडू द्यायचं नाही. काय खायचं याची कुठलीही निषिद्ध यादी पहिल्या टप्प्यात नसते. रात्रीच्या त्या पुड्याचा अर्धा प्रश्न दुपारी नीट जेवण्याने सुटतो, असं माझं ठाम मत आहे. उरलेल्या अर्ध्याला नाव द्यावं लागतं: आत्ता मला भूक लागलीय, की आज मी गप्प बसले त्याचं वाईट वाटतंय? उत्तर दुसरं असलं तरी खाल्लं तर आभाळ कोसळत नाही. बसून, ताटलीत घेऊन, चव घेत खा. लपवू नका.

आणि चुकलं तर? लॅली यांच्याच अभ्यासात दिसलं की एखादी खेप हुकल्याने सवय लागण्यावर फारसा परिणाम होत नाही. शिवाय क्लेअर अॅडम्स आणि मार्क लीअरी यांनी 2007 मध्ये, खाण्याबाबत स्वतःवर निर्बंध घालणाऱ्या मुलींना आधी डोनट खायला दिला. त्यांतल्या काहींना सांगितलं, "यावरून स्वतःला फार बोल लावू नका, असं सगळेच कधी ना कधी खातात." ज्यांच्या कानावर हे शब्द पडले त्यांनी नंतर समोर ठेवलेल्या गोड गोळ्या कमी खाल्ल्या. स्वतःला माफ केलं की माणूस सैल सुटतो, ही भीती निराधार आहे.

"उद्यापासून सगळ्यांना ठाम नकार द्या"

"भीड भिकेची बहीण" हे आपल्याला पाठ असतं, तरी भीड जात नाही. कारण ती समजुतीत नसते, अंगात असते. ज्याने आयुष्यभर नाही म्हटलेलं नाही, त्याला पहिल्याच दिवशी साहेबांसमोर ठाम राहायला सांगणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला थेट खोल पाण्यात ढकलणं.

सुरुवात नकाराने करूच नका, वेळ मागण्याने करा. "बघून सांगते" एवढंच. हे आधीच ठरवून ठेवायचं: कुणी काही मागितलं, तर मी लगेच हो म्हणणार नाही, 'बघून सांगते' म्हणेन. 'असं झालं तर मी असं करेन' या पद्धतीने आखलेल्या गोष्टी नुसत्या निश्चयापेक्षा जास्त वेळा पार पडतात, हे पीटर गोलविट्झर आणि पास्कल शीरन यांनी 2006 मध्ये 94 चाचण्यांचा एकत्र आढावा घेऊन दाखवलं आहे. पुढची पायरी म्हणजे जिथे फार काही पणाला लागलेलं नाही तिथे एक छोटा नकार. तो देण्याआधी कागदावर लिहा: समोरचा काय म्हणेल असं वाटतं? नंतर त्याखाली लिहा, प्रत्यक्षात काय झालं. बहुतेक वेळा पहिली ओळ भलीमोठी असते आणि दुसरी "बरं, ठीक आहे" एवढीच.

मागणाऱ्याला आपली घालमेल कळतही नसते. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा बॉन्स यांच्या 2008 च्या संशोधनात, आपल्याला किती लोक होकार देतील याचा मदत मागणाऱ्यांनी बांधलेला अंदाज प्रत्यक्षापेक्षा खूपच कमी निघाला. थोडक्यात, नकार येऊ शकतो हे धरूनच ते विचारत असतात.

एक गोष्ट मात्र या दाव्यात कुठेच येत नाही. नकाराची किंमत प्रत्येकाला सारखी पडत नाही. घरात मारहाण होत असेल, किंवा नाही म्हटल्यावर नोकरीच जाणार असेल, तर तिथली भीड हे संरक्षण असतं. तिथे 'ठाम व्हा' हा सल्ला देणाऱ्याने परिणामांचीही जबाबदारी घ्यावी.

"परफेक्शनिझम ही ताकद आहे"

उत्तम काम करण्याची ओढ आणि परफेक्शनिझम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काम संपल्यावर काय वाटतं यावरून त्या ओळखू येतात. पहिलीत समाधान असतं, दुसरीत फक्त 'सुटलो' असा निःश्वास असतो, तोही पुढच्या कामापुरता. पॉल हेविट आणि गॉर्डन फ्लेट यांनी 1991 मध्ये परफेक्शनिझमचे जे प्रकार मांडले, त्यांतला एक म्हणजे 'इतरांना मी निर्दोषच हवा आहे' ही समजूत. ही भीडच की! थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांच्या आढाव्यात अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांमध्ये हाच प्रकार 1989 ते 2016 दरम्यान सगळ्यात जास्त, 33 टक्क्यांनी, वाढलेला आढळला.

मग निदान कामात तरी फायदा? 2018 मध्ये 95 अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर परफेक्शनिझम आणि कामाची गुणवत्ता यांत उल्लेखनीय नातं सापडलं नाही. ताण आणि थकवा यांच्याशी मात्र सापडलं. म्हणून दिशा बदलून भागत नाही, पकड सैल करावी लागते. साधा मेल एकदाच वाचून पाठवा. कामाला वेळेची मर्यादा घाला आणि ती संपली की थांबा. सुरुवातीला हात शिवशिवतील, शिवशिवू द्या.

"समुपदेशक लागत नाही"

पुष्कळांना लागत नाही, हे खरं. पण थोड्या वेळात खूप खाणं, थांबता न येणं आणि नंतर स्वतःची किळस वाटणं हे आठवड्यातून किमान एकदा, तीन महिने होत असेल, तर त्याला वैद्यकीय नाव आहे. अमेरिकन मनोविकार संघटनेने 2013 च्या निदान-पुस्तिकेत 'बिंज ईटिंग डिसऑर्डर' हा स्वतंत्र विकार म्हणून नोंदवला. त्यावर उपचार आहेत आणि बोधात्मक वर्तन उपचाराचा (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या 'सीबीटी'चा) त्यात चांगला उपयोग होतो. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढणं, जुलाबाची औषधं घेणं किंवा जगणं नकोसं वाटणं यांपैकी काहीही असेल, तर तीन महिने मोजत बसू नका, याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या. आणि तिथे गेल्यावर वेष्टनं कुठे लपवता तेही सांगा. त्यांनी हे याआधी अनेकांकडून ऐकलेलं असतं.