देखावा कोणाचा, खाडी कोणाची?

किनाऱ्याजवळ समुद्रात जाळ्यांचे पिंजरे लावून केलेल्या व्यावसायिक मत्स्यशेतीला विरोध झाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा सारांश असा: विरोध करणारे बंगलेवाले, त्यांना खिडकीतून मोकळं पाणी दिसायला हवं. पिंजऱ्यांना जागा लागते चिमूटभर, घाण समुद्र पोटात घेतो, समुद्रात आपसूक वाढणाऱ्या माशांवरचा ताण कमी होतो, आणि परवाने देणारे अधिकारी काय झोपलेत का? मजकूर चटकदार आहे, तपासला की विरत जातो.

आधी बंगलेवाले. अमेरिकेच्या मेन राज्यात अकेडिया राष्ट्रीय उद्यानाला लागून फ्रेंचमन बे ही खाडी आहे. तिथे ३० पिंजऱ्यांत वर्षाला सुमारे ३० हजार टन सॅल्मन वाढवण्याचा प्रस्ताव आला. २०२१ मध्ये बोटी घेऊन निषेधाला उतरलेल्यांत लॉबस्टर पकडणारे मच्छीमार होते. किनाऱ्यावरचे घरमालकही होते, ते नाकारायचं कारण नाही. चिलीत अगदी दक्षिणेकडच्या पुएर्तो विल्यम्स गावाजवळ पिंजऱ्यांविरुद्ध उभे राहिले ते याघान, तिथले मूळ रहिवासी. त्यांचे बंगले कुठे आहेत, ते मजकूर लिहिणाऱ्याने सांगावं.

‘जागा चिमूटभर’. फ्रेंचमन बेचा प्रस्ताव १२० एकरांचा होता, म्हणजे नकाशावर ठिपकाच. पण नांगरांचे दोर पिंजऱ्यांच्या बरेच पलीकडे जातात, खाद्याच्या बोटींची ये-जा असते, रात्री दिवे असतात. शिवाय पिंजऱ्यांना लाटांपासून आडोसा लागतो. कयाक (वल्ह्याची अरुंद होडी), शिडाची छोटी होडी, पोहणारे यांनाही नेमका तोच आडोसा हवा असतो. त्यामुळे भांडण खाडीच्या किती टक्क्यांचं आहे हे मोजून भागत नाही, ते कोणत्या टक्क्यांचं आहे ते बघावं लागतं.

आता ‘समुद्र सगळं पोटात घेतो’. उघड्या पिंजऱ्याला तळ नसतो, जाळं असतं. विष्ठा आणि उरलेलं खाद्य सरळ खाली जातं. मोकळ्या, वाहत्या पाण्यात ते बरंचसं पांगतं, हे खरं. बंदिस्त पाण्यात नाही. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरच्या मॅक्वारी हार्बर या खाडीचं तोंड अरुंद आहे आणि त्याचा काही भाग जागतिक वारसा क्षेत्रात येतो. तिथे सॅल्मनशेती वाढली तशी खोल पाण्यातला प्राणवायू घटला, आणि मॉजियन स्केट हा तिथलाच दुर्मिळ मासा संकटात आला. त्याच बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर २०२५ च्या सुरुवातीला जिवाणूच्या साथीत दहा लाखांहून अधिक सॅल्मन मेले, आणि त्यांच्या चरबीचे गोळे वाहत जाऊन लोक फिरायला, पोहायला येतात त्या पुळणींवर पडले. समुद्राने पोटात घेतलं नाही, परत आणून टाकलं.

समुद्रातल्या माशांवरच्या ताणाचं म्हणाल तर ‘मत्स्यशेती’ या एका नावाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या जातात. २०२२ मध्ये जगातल्या शेतीच्या मासळीपैकी ६० टक्क्यांहून जास्त गोड्या पाण्याची, जमिनीवरच्या तळ्या-जलाशयांतली होती. जगाचं ताट प्रामुख्याने तिथून भरतं. सॅल्मन मांसाहारी, त्याच्या खाद्यात आता सोया वगैरे बरंच असलं तरी माशांची भुकटी आणि तेल लागतंच, आणि ते बहुतांशी समुद्रातल्या छोट्या माशांचं. शिंपले, कालवं यांना खाद्य घालावं लागत नाही. त्यांची छोटी शेती फ्रेंचमन बेमध्ये आधीपासून आहे. सगळ्या शेतीला विरोध, हे चित्र इथेच फसतं.

राहिले अधिकारी. अमेरिकेच्याच वॉशिंग्टन राज्यात सायप्रेस बेटाजवळ ऑगस्ट २०१७ मध्ये सॅल्मनचा पिंजरा कोसळला. कंपनीने आधी चार-पाच हजार मासे सुटल्याचं सांगितलं आणि दोष दिला ग्रहणाच्या सुमाराच्या मोठ्या भरतीला. सरकारी चौकशीत सुटलेले मासे अडीच लाखांच्या घरात निघाले. भरती काही जगावेगळी नव्हती. जाळ्यांवर शिंपले वगैरेंचं सुमारे ११० टन ओझं साचलं होतं, कारण सफाईच नीट झाली नव्हती. जाग आली ती यानंतर: परदेशी जातीच्या माशांचे पिंजरे बंद करणारा कायदा २०१८ मध्ये झाला.

आणि फ्रेंचमन बे? तिथला अर्ज राज्याने एप्रिल २०२२ मध्ये रद्द केला, कारण माशांची अंडी कुठून आणणार याचा मान्य होणारा स्रोत कंपनीला दाखवता आला नाही. राष्ट्रीय उद्यानाशेजारच्या पाण्यात एवढा कारखाना असावा का, या प्रश्नापर्यंत प्रकरण पोचलंच नाही.