शुभ्र मूर्ती, अंधारी चर्च : एका लोकप्रिय समजाचा प्रतिवाद

ग्रीकांनी शुभ्र संगमरवरात निखळ सौंदर्य घडवले, ख्रिस्ती बायझंटाइनांनी (म्हणजे पूर्व रोमन साम्राज्यातील लोकांनी) ते फोडून टाकले, रोमन घुमटाची नक्कल करून अंधारी चर्च बांधली आणि त्यांत एकाच साच्यातले ताठर संत रंगवले, अशा आशयाचा मजकूर समाजमाध्यमांवर सतत फिरत असतो. त्यातील एका विधानात थोडे तथ्य आहे. बाकीची टिकत नाहीत.

प्रथम शुभ्रतेविषयी. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालयातील 'पेप्लोस कोरी' ही इ.स.पू. ५३०च्या सुमाराची मूर्ती निरखून पाहिली, तर केसांवर आणि वस्त्रावर रंगाचे अवशेष दिसतात. अथेन्सच्याच पार्थेनॉन या प्राचीन मंदिराच्या शिल्पांवर २००९ मध्ये 'इजिप्शियन निळा' हा रंग आढळला. त्यावर प्रकाश पडला की तो अवरक्त किरण सोडतो, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा कणही कॅमेऱ्यात चमकतो. बरेचसे रंग उन्हापावसाने गेले, पण शुभ्रतेच्या हौसेनेही शिल्पांवर हात चालवला : १९३७-३८ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये यांपैकी काही शिल्पांवरचा तपकिरी थर तांब्याच्या हत्यारांनी खरवडून काढण्यात आला. आपल्याकडे मंदिरांच्या काळ्या पाषाणावर ऑइलपेंट फासतात, त्याचीच ही उलटी तऱ्हा.

विध्वंसाच्या आरोपात मात्र तथ्य आहे. पार्थेनॉनचे चर्च झाले तेव्हा पूर्वेकडच्या दर्शनी त्रिकोणातील मधल्या मूर्ती काढल्या गेल्या आणि खांबांवरचे अनेक शिल्पफलक छिन्नीने विद्रूप करण्यात आले. तरीही ती वास्तू मोठ्या प्रमाणावर कोसळली ती २६ सप्टेंबर १६८७ रोजी, तुर्कांनी आत साठवलेल्या बंदुकीच्या दारूवर व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा पडल्याने. दुसरीकडे, कॉन्स्टंटाइन बादशहाने डेल्फीहून आणलेला ब्राँझचा सर्पस्तंभ आजही इस्तंबूलच्या जुन्या शर्यतीच्या मैदानात उभा आहे. त्याच शहरातील, म्हणजे तेव्हाच्या कॉन्स्टंटिनोपलमधील, कित्येक ग्रीक ब्राँझमूर्ती वितळवून नाणी पाडली ती १२०४ मध्ये पश्चिमेकडून आलेल्या धर्मयोद्ध्यांनी. आणि प्राचीन ग्रीक शिल्पकार लिसिप्पोसने घडवलेल्या हेराक्लीसच्या मूर्तीच्या नाशाबद्दल हळहळ व्यक्त करून ठेवणारा इतिहासकार निकेतास खोनियातिस स्वतः बायझंटाइन ख्रिस्तीच होता.

याहून बोलका पुरावा अथेन्सच्या 'मिक्री मित्रोपोली' या चिमुकल्या मध्ययुगीन चर्चचा आहे. त्याच्या भिंती जुन्या संगमरवरी तुकड्यांनी भरलेल्या आहेत. पश्चिम दारावर वर्षभराच्या सणांची चित्रमालिका कोरलेली प्राचीन पट्टी बसवली आहे, आणि तिच्यातील मूळ आकृती बहुतांशी तशाच ठेवून अधूनमधून क्रूस कोरले आहेत. नुसते दगड हवे असते, तर कोरीव बाजू आत दडवून भिंत रचता आली असती. गवंड्याने ती बाहेर, सर्वांना दिसेल अशी ठेवली.

घुमटाच्या नकलेचा मुद्दा वास्तुशास्त्राच्या पहिल्याच कसोटीवर अडखळतो. रोमच्या पँथिऑन या प्राचीन मंदिराचा घुमट गोल भिंतीवर बसलेला आहे, त्यामुळे त्याचा भार चहूबाजूंनी सारखा उतरतो. कॉन्स्टंटिनोपलच्या हागिया सोफिया या महाचर्चमध्ये (५३२–५३७) अँथेमियस आणि इसिडोर या वास्तुकारांनी सुमारे ३१ मीटर व्यासाचा घुमट चार कमानींवर तोलला आणि कमानींमधल्या कोपऱ्यांत वक्र त्रिकोण रचून चौकोनाचा गोल साधला. एवढ्या आकारात हे पूर्वी कोणी केले नव्हते. धाडस अंगाशीही आले : भूकंपानंतर ५५८ मध्ये घुमटाचा भाग कोसळला, आणि धाकट्या इसिडोरने तो अधिक उंच उभारला, म्हणजे कमानींवरचा बाहेरचा रेटा कमी व्हावा.

त्या घुमटाच्या पायथ्याशी ४० खिडक्या आहेत, हे 'अंधारी' म्हणणाऱ्यांनी मोजून पाहावे. लहान चर्चमध्ये उजेड कमी असतो खरा, पण तेथील सोनेरी मोझेइक (काचेच्या ठिकऱ्यांचे चित्रकाम) त्याच उजेडासाठी घडवलेले असते. सोन्याचा वर्ख काचेच्या दोन थरांत धरलेला असतो आणि ठिकऱ्या किंचित तिरक्या बसवलेल्या असतात. दिव्याची ज्योत हलली की भिंत लकाकते. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत हे सगळे सपाट होऊन जाते.

राहता राहिले ताठर संत. इस्तंबूलच्या खोरा या जुन्या चर्चमध्ये १३१५–१३२१च्या सुमारास रंगवलेल्या पुनरुत्थानाच्या भित्तिचित्रात ख्रिस्त पाय फाकवून उभा आहे; एका हाताने आदमला आणि दुसऱ्या हाताने हव्वेला मनगट धरून तो थडग्यांतून ओढून काढतो आहे, आणि त्याच्या पायांखाली पाताळाच्या मोडलेल्या दारांभोवती कुलपे आणि किल्ल्या विखुरलेल्या आहेत.