एडी रॉबिन्सन: ४०८ च्या पलीकडे

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा, म्हणजे हेल्मेट घालून लंबगोल चेंडूने खेळल्या जाणाऱ्या त्यांच्या फुटबॉलचा, विषय निघाला की एडी रॉबिन्सन यांच्या नावाबरोबर ४०८ हा आकडा हमखास येतो. लुइझियाना राज्यातील ग्रॅम्बलिंग या लहानशा गावी, कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या महाविद्यालयात १९४१ पासून १९९७ पर्यंत ते प्रशिक्षक होते. त्यांच्या संघाने ४०८ सामने जिंकले, १६५ गमावले आणि १५ बरोबरीत सोडवले. १९८५ मध्ये अलाबामा विद्यापीठाचे प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांचा ३२३ विजयांचा विक्रम त्यांनी मागे टाकला. तरीही केवळ या आकड्यावर त्यांची थोरवी मोजली की मला मनापासून वाईट वाटते.

बटाईने शेती करणाऱ्या बापाचा हा मुलगा पशुखाद्याच्या गिरणीत तासाला २५ सेंटवर राबत होता. बाविसाव्या वर्षी महिना ६३.७५ डॉलर पगारावर तो ग्रॅम्बलिंगला आला. मैदानातले गवत कापायचे, चुन्याच्या रेषा आखायच्या, खेळाडूंच्या घोट्यांना पट्ट्या बांधायच्या आणि सामन्याची बातमीही स्वतःच लिहून वर्तमानपत्राला पाठवायची, ही सगळी कामे त्यांच्याकडेच होती. परगावी सामना असला की वाटेतल्या गोऱ्यांच्या खानावळीत मुलांना प्रवेश नसे, म्हणून ते मुलांसाठी सँडविच करून बरोबर घेत. सकाळी वसतिगृहात गाईच्या गळ्यातली घंटा वाजवत ते खोल्याखोल्यांतून फिरत, कारण मुलांनी वर्गात वेळेवर बसलेच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. पदवी न घेता मुलगा परत गेला तर त्याच्या आईला काय सांगायचे, ही चिंता मला त्या घंटेच्या आवाजात ऐकू येते.

त्यांचे सर्वांत मोठे काम मला क्वार्टरबॅकच्या जागेवर दिसते. संघाचे डावपेच ज्याच्या डोक्याने चालतात त्या जागी कृष्णवर्णीय खेळाडू चालणार नाही, असा व्यावसायिक फुटबॉलमध्ये पक्का समज होता आणि महाविद्यालयात क्वार्टरबॅक असलेल्या मुलांना तिथे दुसऱ्या जागी ढकलले जाई. रॉबिन्सन यांनी जेम्स हॅरिस यांना त्या समजाशी झुंजण्यासाठी जाणीवपूर्वक घडवले, आणि १९६९ मध्ये हॅरिस बफेलो या व्यावसायिक संघाकडून हंगामाच्या पहिल्याच सामन्यात क्वार्टरबॅक म्हणून उतरले. पुढे जानेवारी १९८८ मध्ये ग्रॅम्बलिंगच्याच डग विल्यम्स यांनी वॉशिंग्टनकडून खेळताना सुपर बोलच्या, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, एकाच चतुर्थांशात चार टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे पास) दिले, वॉशिंग्टनने डेन्व्हरला ४२-१० असे हरवले आणि तो समज सगळ्या देशासमोर खोटा ठरला.

शेवटची तीन वर्षे मात्र पराभवाची गेली आणि त्यांना निवृत्त करण्याच्या हालचाली सुरू झाल्या. म्हाताऱ्याला आता जमत नाही, असे तेव्हा म्हटले गेले, ते मला पटत नाही. दक्षिणेतील ज्या मोठ्या विद्यापीठांनी दशकानुदशके कृष्णवर्णीय मुलांना दारात उभे केले नाही, तीच विद्यापीठे साठच्या दशकाच्या अखेरीपासून त्या मुलांना शिष्यवृत्त्या देऊन नेऊ लागली होती. दारे उघडली हे योग्यच झाले आणि रॉबिन्सन यांनाही तेच हवे होते. पण त्याची किंमत ग्रॅम्बलिंगने मोजली, हे त्यांच्या पराभवांचा हिशेब मांडताना कोणी लिहीत नाही.

१९९७ च्या हंगामानंतर त्यांनी मैदान सोडले. त्यांच्या जागी प्रशिक्षक म्हणून आले ते डग विल्यम्सच.