स्वयंपाकघर साडेआठला उघडेल

दक्षिण स्पेनमधलं रोंडा हे गाव अक्षरशः कड्यावर बसलंय. मधोमध ग्वादालेविन नदीने कोरलेली खोल घळ आणि तिच्यावर 98 मीटर उंच ‘नवा पूल’. नवा म्हणजे 1793 साली पुरा झालेला. बांधायला चाळीसेक वर्षं लागली, कारण त्याआधी घाईघाईत उभारलेला पूल सहा वर्षांतच कोसळला होता. तेव्हापासून या गावाने घाई करणं सोडलं असावं, असा माझा कयास आहे. निदान स्वयंपाकघरात तरी.

आमच्या सासूबाईंचं पोट सातारच्या घड्याळावर चालतं. साडेबाराला पान वाढलेलं, रात्री आठला भांडी घासून झालेली. इथे दुपारी दोनच्या आधी जेवायला बसणारा माणूस परदेशीच. चारच्या सुमारास चूल विझते, ती थेट रात्री साडेआठला पेटते. मध्ये कॉफी, बिअर आणि ऑलिव्ह. आम्ही नेमके सव्वाचारला वर आलो.

वर म्हणजे ‘मूर राजाच्या वाड्या’तून. वाडा राजाचाही नाही आणि मुरांच्या, म्हणजे इथल्या जुन्या मुस्लिम राज्यकर्त्यांच्या, काळातलाही नाही. पण त्याच्याखाली खडकात कोरलेला जिना मात्र अस्सल जुना, मुस्लिम राजवटीतला. वेढा पडला तर नदीचं पाणी वर आणता यावं म्हणून केलेला. 1485 मध्ये ख्रिस्ती राजा फर्डिनंडच्या सैन्याने पाणीच तोडलं आणि गाव पडलं.

“वर टाकी खोदून ठेवायची अक्कल नव्हती का यांना? आपल्या अजिंक्यताऱ्यावर बघ,” आई म्हणाल्या. उत्तर द्यायला आमच्यात श्वास उरला नव्हता. पायऱ्या दोनशेच्या आसपास, अंधाऱ्या, ओल्या. उतरताना इतिहास वाटतो, चढताना गुडघे.

हॉटेलात वेटर खुर्च्या उलट्या करून टेबलावर ठेवत होता. नवऱ्याने जमेल तितकं दीनवाणं तोंड करून पोटावर हात फिरवला. वेटरने त्याच्याकडे मनापासून हळहळून पाहिलं, घड्याळात साडेआठवर बोट ठेवलं आणि पुढची खुर्ची उचलली.

मग आईंनी पिशवीतून सातूच्या पिठाचा डबा काढला. घळीच्या काठावरच्या बाकावर कागदी पेल्यात पीठ, वर गुळाची पूड, बाटलीतलं पाणी. चमचा नव्हता, कॉफीबरोबर मिळालेली लाकडी काडी होती. गुठळ्या मोडत आम्ही आळीपाळीने ते प्यायलो. खाली लाल चोचीचे, कावळ्यासारखे काळे पक्षी घिरट्या घालत होते. शेजारच्या बाकावरचे दोन म्हातारे पक्षी सोडून आमचा पेला बघत होते.

वेळ काढायला नवऱ्याने दुसऱ्या दिवशीचा बेत वाचून दाखवला. जवळच ग्राझालेमाचे डोंगर. तिथे ‘पिन्सापो’ नावाचा फर वृक्ष आहे. हिमयुगातून उरलेला, जगात मोजक्याच डोंगरांवर टिकलेला. शिवाय स्पेनमधल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी हे एक, वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या घरात. “एवढाच?” आई म्हणाल्या. त्यांचं माहेर महाबळेश्वरचं.

साडेआठ वाजले तरी ऊन टकटकीत. जूनमध्ये इथला सूर्य साडेनऊनंतर मावळतो. देश लंडनच्या रेषेत, पण 1940 पासून घड्याळ बर्लिनचं. म्हणजे लोक उशिरा जेवतात असं नाही, सूर्याच्या हिशेबाने वेळेवरच जेवतात. ही माहिती खरी आहे, पण उपाशी माणसाला सांगू नये.

अखेर पानं मांडली गेली. शाकाहारी म्हणून मागवलेल्या सॅलडवर ट्यूना आली. ती परत पाठवली, तर पालक-हरभऱ्यात हॅमचे तुकडे निघाले. चूक कुणाची नव्हती. इथे हॅम म्हणजे आपली कोथिंबीर, वरून पडायचीच. शेवटी तळलेल्या वांग्यांवर उसाची काकवी घातलेली बशी आली आणि आईंनी दुसरी मागवली. “काकवी आपली, वांगं आपलं. मग वेळच का परकी?”

अकरा वाजता चौक नुसता फुलला होता. बाबागाड्या, फुगे, लिपस्टिक लावलेल्या आज्या. बिल मागून अर्धा तास झाला, वेटर लांबूनच मान डोलवी. तोवर आई शेजारच्या टेबलावरच्या आजींशी बोलू लागल्या होत्या. या मराठीत, त्या स्पॅनिशमध्ये, विषय बहुधा गुडघे. उठताना आजींनी आईंचा हात धरला, समोरच्या घराकडे बोट दाखवलं आणि हातानेच घास तोंडात घातल्याची खूण केली.

“उद्या जेवायला बोलावतायत,” आई फुलून म्हणाल्या.

आजींनी घड्याळ पुढे केलं. दुपारचं जेवण, साडेतीनला.